टीसीई फोडणारे ॲनेरोबिक कल्चर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

वाहनांच्या सुट्या भागांवरील तेल काढण्यासाठी आमच्या कारखान्यात ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे बोलीभाषेतले टीसीई, वापरले जाते आणि त्याचा काही अंश सांडपाण्यात उतरतो. ईटीपीच्या, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या, हवा फुंकणाऱ्या एरेशन टाकीत तो नष्ट होतो असे आम्ही बरीच वर्षे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्यातला बराच भाग बुडबुड्यांबरोबर उडून जातो आणि पाण्यातले प्रदूषण हवेत जाते. म्हणून एरेशनच्या आधीच्या ॲनेरोबिक, म्हणजे हवाविरहित, टाकीत टीसीईतला क्लोरीन काढणारे जिवंत कल्चर, म्हणजे वाढवलेल्या जीवाणूंचे मिश्रण, टाकून पाहिले. पुरवठादाराचे नाव येथे देत नाही.

या कामासाठी म्हणून बाजारात पोत्यातली भुकटीही विकली जाते, जिच्यावर ग्रॅममागे काही अब्ज सीएफयू (वसाहत बनवू शकणारे जिवंत जीवाणू) असे ठळकपणे छापलेले असते. टीसीईतील क्लोरीन अखेरपर्यंत काढणारा, आजवर नीट अभ्यासला गेलेला जीवाणू म्हणजे डिहॅलोकोकॉइडिस. तो हवेत तग धरत नाही आणि प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या प्लेटवर त्याच्या वसाहती मोजताही येत नाहीत, तेव्हा तो आकडा कोणाचा, हे विक्रेत्यालाच विचारावे. आम्ही घेतलेले कल्चर द्रवरूप होते आणि नायट्रोजनच्या दाबाखाली बंद स्टीलच्या पिंपातून आले. टाकण्यापूर्वी पाण्याच्या नमुन्यात रेसाझुरिन (ऑक्सिजन उरला आहे का हे रंगाने दाखवणारे द्रव्य) घालून गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत थांबण्याची सूचना सोबत होती, आणि याच सूचनेमुळे माझा पुरवठादारावर प्रथम विश्वास बसला.

पुढे मात्र निराशा झाली. टीसीईचे तीन क्लोरीन अणू एकेक करून सुटतात : आधी सिस-डीसीई (दोन क्लोरीन उरलेले डायक्लोरोइथिलीन), मग व्हिनाइल क्लोराइड आणि शेवटी इथिलीन. यातले व्हिनाइल क्लोराइड हे माणसात कर्करोग घडवणारे सिद्ध रसायन आहे आणि वायुरूप असल्याने ते बायोगॅसमध्येही शिरते. पुरवठादाराने पहिल्या तीन महिन्यांचे जे अहवाल दिले, त्यांत केवळ टीसीईचा रकाना होता आणि तो उत्तम दिसत होता. आम्ही स्वतः नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले तेव्हा टीसीई खरोखर गेलेले, पण सिस-डीसीई आणि व्हिनाइल क्लोराइड साचलेले आढळले. हिशेब मिलिग्रॅममध्ये मांडला की ही चूक आणखी झाकली जाते, कारण १३१ मिलिग्रॅम टीसीईपासून फार तर २८ मिलिग्रॅम इथिलीन मिळते. तो मोलमध्येच, म्हणजे रेणूंच्या संख्येत, मागावा.

कल्चर मुळात वाईट नव्हते. व्हीसीआर-ए या जनुकाची तपासणी करून घेतली तेव्हा व्हिनाइल क्लोराइड फोडण्याची क्षमता असलेले जीवाणू टाकीत होते. दोष खाद्याच्या सूचनेत होता. या जीवाणूंना हायड्रोजन लागतो, तो इतर जीवाणू साखर आंबवून पुरवतात, म्हणून मळी टाकण्यास सांगितले होते. मात्रा इतकी जास्त होती की व्हीएफए (आंबण्यातून तयार होणारी बाष्पशील आम्ले) वाढून पीएच ६.२ वर आला, आणि सहाच्या आसपास हे जीवाणू जवळजवळ थांबतात. मळी निम्म्यावर आणून सोडा बायकार्बोनेटने पीएच सातच्या जवळ ठेवल्यावर साधारण सहा आठवड्यांनी इथिलीन दिसू लागले. आमची टाकी काय आहे, तिची क्षारता, म्हणजे आम्ल झेलण्याची क्षमता, किती, हे न पाहता छापील मात्रा देणे मला अक्षम्य वाटते. फोनवर येणारा तंत्रज्ञ मात्र सज्जन होता आणि त्याने चूक मान्य केली.

या जातीचा पहिला शुद्ध वाण १९९७ साली अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात वेगळा केला गेला, तोही इथाका शहराच्या सांडपाणी केंद्रातील गाळापासून वाढवलेल्या कल्चरमधून. म्हणजे हा जीवाणू गाळालाच सरावलेला आहे. खाद्य आणि पीएच सांभाळले तर तो टाकीत टिकतो, त्यामुळे दर तिमाहीला नवे पिंप घ्या हा पुरवठादाराचा आग्रह आम्ही मानलेला नाही. दुसऱ्या शाखेतल्या टाकीसाठी आता याच टाकीतला गाळ, हवा न लागू देता, बंद पिंपातून नेणार आहोत.