अरांचा की कोंचिता?

स्पॅनिश महिला टेनिस म्हटलं की आधी अरांचा सांचेझ व्हिकारिओ आठवते. १९८९ मध्ये सतराव्या वर्षी स्टेफी ग्राफला हरवून तिने फ्रेंच ओपन जिंकली. पुढे एकेरीची एकूण ४ ग्रँड स्लॅम, १९९५ मध्ये अव्वल क्रमांक. त्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात, तिसऱ्या सेटमध्ये ५-५ असताना, तिच्या सर्व्हिसचा एकच गेम सुमारे २० मिनिटं चालला. तो गेला आणि सामनाही गेला, पण काय झुंजली ती!

स्पेनच्याच कोंचिता मार्टिनेझकडे एकेरीचं एकच ग्रँड स्लॅम. पण ते १९९४ चं विम्बल्डन, आणि समोर मार्टिना नवरातिलोवा! मातीवर वाढलेल्या मुलीने गवताच्या राणीला पासिंग शॉट्सनी नमवलं. आकडे अरांचाच्या बाजूने, मान्य. तरी मला कोंचिताचा एकहाती बॅकहँडच जास्त भावतो. २०१७ मध्ये स्पेनचीच गार्बिन्ये मुगुरुझा विम्बल्डन जिंकली, तेव्हा प्रशिक्षक म्हणून कोंचिताच सोबत होती.