डोसा सातनंतर

हॉटेलचं नाव लिहिणार नाही. एक तर लिहिलं की पुढच्या वेळी आम्हालाच फुटपाथवर ताटकळावं लागेल. दुसरं म्हणजे खाली दोन-चार गाऱ्हाणी आहेत, आणि ती नावानिशी मांडण्याइतकं गल्ल्यावरच्या मालकांशी माझं वाकडं नाही. माटुंगा पूर्व, स्टेशनातून बाहेर पडून फुलवाल्यांच्या ओळीतून पुढे, चालत पाच मिनिटं. शटर पहाटे पाचला वर जातं. माटुंगेकरांना एवढ्यावर कळेल, बाकीच्यांनी सांबाराच्या वासामागे जावं.

रिव्ह्यू खाण्याचा आहेच, पण त्याहून जास्त एका वेगळ्या गोष्टीचा आहे: अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट बघत भांडायला ही जागा कशी आहे. हसू नका. मुंबईत फुटबॉल म्हटलं की कूपरेज किंवा अंधेरी, हे मलाही माहीत आहे. पण आम्ही चौघं एकेकाळी मालाडच्या एका कॉल सेंटरला रात्रपाळीला होतो. माझ्या हेडफोनमध्ये पाच वर्षं फक्त इलिनॉय बोलायचं. सोमवारी पहिलाच माणूस खेकसला की आदल्या दिवशी शिकागो बेअर्स हरलेत हे कळायचं. गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून स्कोअर वाचायला लागलो आणि त्या टीमच्या दुःखात कायमचा अडकलो. डोंबिवलीकर माझ्याच प्रोसेसला, म्हणून तोही बेअर्सवाला. मुलुंडकराची गिऱ्हाइकं विस्कॉन्सिनची, म्हणून तो ग्रीन बे पॅकर्सचा, म्हणजे आमचा वैरी. चेंबूरवाल्याच्या नशिबी ओहायो आलं आणि तो क्लीव्हलँड ब्राउन्सला चिकटला. त्याच्याबद्दल जास्त बोलत नाही, त्याचं त्याला पुरेसं आहे.

तेव्हा ऑफिसची सुमो सकाळी आम्हाला इथेच सोडायची. नोकऱ्या सुटल्या, इडली सुटली नाही.

तर ड्राफ्ट. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना ३२ टीम पाळीपाळीने निवडतात, एकूण सात फेऱ्या. पहिली फेरी तिकडे गुरुवारी रात्री आठला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच. त्या वेळी या शहरात चार माणसांना बसायला, खायला आणि आवाज चढवायला देणारी जागा कुठली? बार बंद, कॉफीची ती काचेची दुकानं बंद, घरी बायको-मुलं झोपलेली. उघडा असतो तो उडपी.

२०२५ च्या ड्राफ्टचा दिवस सांगतो, कारण त्या सकाळी या हॉटेलची खरी परीक्षा झाली. २५ एप्रिल, शुक्रवार. उकाडा पहाटेच सुरू. आम्ही सव्वापाचला भिंतीकडचं टेबल धरलं. पंखा बरोबर डोक्यावर येतो तेच घ्या, एसी खोली अकराशिवाय उघडत नाहीत. पाण्याच्या स्टीलच्या ग्लासाला टेकवून फोन उभा केला. मी मोसमाचे पैसे भरून घेतलेलं ॲप त्या भिंतीपाशी गोल गोल फिरत राहिलं. मुलुंडकराचा फोन माझ्यापेक्षा अर्धा मिनिट पुढे, त्यामुळे प्रत्येक नाव मला आधी त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं आणि मग पडद्यावर. हा दोष हॉटेलचा नाही, पण नेटवर्क हवं असेल तर दरवाजाकडचं टेबल बघा. तिथे पंखा नाही. काय सोसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

अण्णा आला. मी म्हटलं, मैसूर मसाला. तो म्हणाला, "डोसा सातनंतर. इडली गरम आहे, शिरा आत्ता उतरला." आणि वळलासुद्धा.

पुढचे दोन तास आमचं जे भांडण चाललं ते त्याने या एका वाक्यात आधीच सांगून टाकलं होतं. ड्राफ्ट बघणाऱ्या प्रत्येकाचं हेच भांडण असतं: आपल्याला जे कमी आहे ते उचलायचं, की कढईतून जे सगळ्यात चांगलं उतरलंय ते?

माझी बाजू गरजेची. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, कॅलेब विल्यम्स, २०२४ च्या ड्राफ्टमधला पहिला नंबर. पहिल्याच मोसमात त्याला ६८ वेळा आडवा पाडला. अडुसष्ट! त्याच्यापुढे भिंत धरणारे जे पाच असतात, त्यांतल्या कडेच्या दोघांना टॅकल म्हणतात. माझं म्हणणं सरळ होतं, आमच्या दहाव्या नंबरला टॅकल घ्या. उन्हाळ्याआधी मधल्या तिघांची डागडुजी झाली होती, जो थ्यूनी आला, जोना जॅक्सन आला, ड्रू डॅलमन आला. कडा राहिल्याच होत्या. नाहीच जमलं तर रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, ॲश्टन जेंटी. डोंबिवलीकर म्हणतो, गरज दर वर्षी बदलते, चांगला खेळाडू चांगलाच राहतो, यादीत जो वर असेल तो घ्यायचा. मी म्हटलं, "अरे, छप्पर गळतंय आणि तू शोकेस घ्यायला निघालास." तो म्हणाला, "२०१७ ला गरजच बघितली होती ना?" इथे मी गप्प. त्या वर्षी बेअर्सना क्वार्टरबॅक हवा होता, म्हणून तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारून त्यांनी मिच ट्रुबिस्की घेतला. पुढे विजेतेपदं जिंकणारा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स दहावा गेला. ही जखम आमच्या टेबलावर दर वर्षी उघडते, सांबाराच्या आधी.

सांबाराचं बोलायचं तर ते गोड आहे. उडपी सांबार गोडसर असतं हे कबूल, पण इथे गूळ घालणाऱ्याचा हात सैल आहे. इडली मात्र अशी की चमचा लावला की आपणहून वाट देते, आणि कडा कोरड्या नसतात, जे पहाटेच्या पहिल्या घाण्यालाच जमतं. मेदूवडा सहाच्या आत मागू नका, तेल पुरतं तापलेलं नसतं, वडा तेल पितो. रसम स्वतंत्र वाटीत मागून घ्या. मिऱ्याचा ठसका असा की डोंबिवलीकराची झोप तिथेच उतरली. शिरा अननसाचा. तूप बोटाला लागतं आणि पुरतो एकच चमचा. चौघांत एक घ्या.

आमच्याच टेबलाला पाचव्या खुर्चीवर एक आजोबा येऊन बसले. पाच उद्यानांना फेरी मारून आलेले, टोपी, कोपरापर्यंत घाम. इथे टेबल कुणाच्या मालकीचं नसतं, हे आधीच सांगतो. ज्यांना ते खपत नाही त्यांनी येऊ नये. थोडा वेळ फोनकडे बघून त्यांनी विचारलं, "लिलाव चाललाय का? बोली दिसत नाही."

मी समजावलं, बोली नसते, पाळी असते. मागच्या मोसमात जो सगळ्यात वाईट खेळला त्याची पाळी पहिली, जो जिंकला तो शेवटी.

"म्हणजे नापासाला पहिला बाक!" आजोबा म्हणाले. "आणि पहिल्या आलेल्याला?"

"बत्तिसावा नंबर."

"मग मुद्दाम नापास होत नाहीत का?"

चेंबूरवाल्याने इडली खाली ठेवली. ब्राउन्सकडे त्या वर्षी दुसरा नंबर होता आणि त्यांनी तो नुकताच जॅक्सनव्हिलला देऊन टाकला होता, बदल्यात पाचवा नंबर, पुढच्या वर्षीची पहिली फेरी आणि वर आणखी काही. जॅक्सनव्हिलने ट्रॅव्हिस हंटर उचलला, जो दोन्ही बाजूंनी खेळतो, चेंडू झेलतोही आणि झेलणाऱ्याला अडवतोही. "आमच्याकडे नापास व्हायला मुद्दाम काही करावं लागत नाही, आजोबा," चेंबूरवाला म्हणाला.

आता घड्याळ. पहिल्या फेरीत टीमला दहा मिनिटं मिळत. अण्णा दीड मिनिट देतो. ही या हॉटेलची सगळ्यात मोठी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही: ताट रिकामं झालं की बिल येतं, मागा वा न मागा. शेवटचा घास तोंडात असताना बशीखाली सरकवलेला तो कागद बघून नवखा माणूस उठतो. आमचा उपाय म्हणजे थोडं थोडं मागवणं. एक इडली, मग एक कॉफी, मग एक उपमा. कॉफी फिल्टरची, डबऱ्यात ओतून वर-खाली करून घ्यायची, साखर आधीच सांगायची. दोन तासांत माझ्या चार झाल्या आणि दुपारपर्यंत हात हलत होता.

फोनवर चौथ्या नंबरला न्यू इंग्लंडने विल कॅम्पबेल घेतला. टॅकल. सहाव्याला रेडर्सने जेंटी नेला. सातव्याला जेट्सने आर्मंड मेंबू, टॅकल. मी बोटं मोडत बसलो, अजून एक आहे, केल्विन बँक्स. नवव्या नंबरला न्यू ऑर्लिन्स. अर्ध्या मिनिटाआधी मुलुंडकर हसला आणि मला समजलं. बँक्स गेला.

दहावा नंबर: कोल्स्टन लव्हलँड, मिशिगनचा टाइट एंड. टाइट एंड म्हणजे थोडा भिंतीत उभा राहणारा, थोडा पळून चेंडू झेलणारा. आमच्याकडे कोल कमेट नावाचा एक होता, बरा होता. आणि या नव्या पोराच्या खांद्याचं ऑपरेशन जानेवारीतच झालेलं. मी टेबलावर हात आपटला, सांबार आजोबांच्या टोपीवर उडालं. त्यांनी ती पुसली आणि म्हणाले, "तुम्हाला डोसा हवा होता, इडली आली, असंच ना?" डोंबिवलीकर समजावत होता की नवा कोच बेन जॉन्सन डेट्रॉइटहून आलाय, तिथे त्याने सॅम लापोर्टा या टाइट एंडला घेऊन काय केलं ते आठव. मी आठवायच्या मनःस्थितीत नव्हतो.

सातला तवा तापला. पहिला डोसा आमचा. पहिला तव्यावरचा डोसा कधी घेऊ नये, मधे चिकटतो, तसा हाही चिकटला होता.

आठच्या पुढे कचेरीवाल्यांची गर्दी आली, अण्णाने बिल दुसऱ्यांदा ठेवलं, आम्ही उठलो. तेविसावा नंबर फुटपाथवर बघितला, मोगऱ्याच्या टोपल्यांशेजारी उभं राहून. ड्राफ्ट त्या वर्षी ग्रीन बेलाच होता, पॅकर्सच्या अंगणात, आणि त्यांनी मॅथ्यू गोल्डन निवडला. पहिल्या फेरीत त्यांनी झेलणारा घेतला तो २००२ नंतर प्रथमच. मुलुंडकर असा ओरडला की गजरेवालीने पाटी जवळ ओढली.

दुसऱ्या दिवशीचं एक लक्षात ठेवा. दुसरी-तिसरी फेरी शनिवारी पहाटे साडेचारला सुरू होते आणि हॉटेल पाचला उघडतं. आधी आलात तर बंद शटरला टेकून उभं राहा, आतून सांडशी-पातेल्यांचा आवाज ऐकत. आमच्या ३९ व्या नंबरला शटर वर जायला लागलं होतं: ल्यूथर बर्डन, परत एक झेलणारा. मी बोललोच नाही. ५६ व्याला ऑझी ट्रॅपिलो आला, टॅकल. डोंबिवलीकर म्हणाला, "घे, तुझा डोसा." चवथी ते सातवी फेरी शनिवारी रात्री असते, ती घरी. तिथे क्वार्टरबॅक शेडूर सँडर्स घसरत घसरत १४४ व्या नंबरला ब्राउन्सकडे गेला, आदल्याच फेऱ्यांत एक क्वार्टरबॅक घेऊन झालेला असताना. चेंबूरवाल्याने त्या रात्री फोन बंद ठेवला.

नोव्हेंबरमधलं सांगायला हवं, नाहीतर डोंबिवलीकर खाली लिहील. २ नोव्हेंबरला बेअर्स सिनसिनाटीत बेंगल्सशी खेळत होते, आपल्याकडे रविवारी रात्री साडेअकराला सुरू. शेवटाला बेअर्स मागे, १७ सेकंद उरलेले असताना विल्यम्सने मध्यावर चेंडू फेकला, लव्हलँडने झेलला आणि शेवटपर्यंत पळत गेला, फेक धरून ५८ यार्ड. ४७-४२. मी अंधारात उशीत तोंड खुपसून ओरडलो. पहाटे झोप लागेना म्हणून पाचला इथे आलो, एकटाच. अण्णाने विचारायच्या आत म्हटलं, इडली.

चौघांचं त्या शुक्रवारचं बिल ७४० रुपये झालं, दोनदा बसून. हात धुवायची बेसिन जिन्याखाली आहे, उंच माणसाने डोकं सांभाळावं. चटणी मागितल्यावर मिळते, तिसऱ्यांदा मागितली की मालक गल्ल्यावरून बघतात.

एप्रिल २०२६ चा ड्राफ्ट पिट्सबर्गचा. माझ्या मते त्यात बेअर्सना मॉन्टेझ स्वेटच्या दुसऱ्या बाजूने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा हवा. डोंबिवलीकर अजून म्हणतोच आहे, यादीत वर असेल तो. भिंतीकडचं टेबल सव्वापाचपासून आमचं. पाचपैकी चार तारे. अर्धा गुळाला कापला, अर्धा त्या बशीखालच्या कागदाला.