निघोज की गंडीकोटा? पुण्याहून नदीची घळई पाहायला जाताना

एका रविवारात परत यायचं असेल तर कुकडी नदीवरचं निघोजच. नगर रस्त्याने शिरूर, तिथून टाकळी हाजी. अंतर साधारण 90 किमी. पेन्ना नदीवरचं गंडीकोटा आंध्रच्या कडप्पा भागात आहे. सोलापूर-गुंतकलमार्गे चेन्नईकडे जाणाऱ्या गाडीने येर्रगुंटला उतरा आणि जम्मलमडुगूवरून रस्त्याने गंडीकोट्याच्या किल्ल्यात पोचा. तीन दिवस तरी हाताशी हवेत.

खोली बघायची असेल तर निघोज फिकं पडतं, हे आधीच सांगितलेलं बरं. गंडीकोट्याला लालसर क्वार्ट्झाइटच्या उभ्या भिंती आहेत, काठावरून नदी जवळजवळ 100 मीटर खाली दिसते. हा खडक म्हणजे अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी साचून घट्ट झालेली वाळू. तो सहजी झिजत नाही, भेगांवर तुटतो. नदी खाली कापत गेली तसे कडेचे चौकोनी ठोकळे ढासळले आणि भिंती सरळ उरल्या.

पण नदी दगड कशी कापते ते समजून घ्यायचं तर निघोजला तोड नाही. इथे कुकडीच्या पात्रात सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा खडक, आहे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे खाचेत गरगरत राहतात आणि जात्यासारखी खाच रुंदावतात, खोल करतात. असे शेजारशेजारचे रांजणखळगे वाढता वाढता मधली भिंत फुटते, ते एकमेकांत मिसळतात आणि त्यांचीच घळ होते. अर्धवट फुटलेल्या भिंती, तळाशी पडलेले गुळगुळीत गोटे, सगळं हाताच्या अंतरावर दिसतं. झुलत्या पुलावरून एकूण आकार कळतो, बारकावे कातळावर उतरल्यावरच.

पावसाळ्यात मात्र खळगे पाण्याखाली जातात, म्हणजे मुख्य गोष्टच दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. वर येडगाव, माणिकडोह ही धरणं आहेत, तेव्हा विसर्ग चालू आहे का हे गावात विचारूनच पात्रात उतरा. ओला, शेवाळलेला कातळ पाय ठरू देत नाही, आणि खळग्यात पडलेल्याला गुळगुळीत भिंतीवर धरायला काही नसतं. पोहायचा मोह नको.

गंडीकोट्यालाही हाच हंगाम. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. आदल्या रात्री तिथेच मुक्काम करून सूर्योदयाला काठावर जा. कठडा नाही आणि शेवटचा टप्पा मोठमोठ्या दगडांवरून आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी किल्ल्यातली माधवराय आणि रंगनाथ मंदिरं पाहावीत. निघोजला अशा मंडळींना मळगंगेच्या देवळापाशी बसता येतं.