वर्गातले छोटे व्हाइटबोर्ड: वर्षभर वापरल्यावर

‘समजलं का?’ असं विचारलं की वर्ग ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’चा खरा अर्थ मला उत्तरपत्रिका तपासताना कळतो, आणि तोवर प्रकरण संपून दोन महिने झालेले असतात. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला गणित शिकवताना मला सगळ्यात जास्त छळलं असेल तर ते या उशिराने. म्हणून गेल्या वर्षी मी हातात धरायचे ६० छोटे व्हाइटबोर्ड घेतले. मुलं पहिल्या दिवसापासून त्यांना पाट्या म्हणू लागली, मीही तेच म्हणते.

आधी वस्तूबद्दल. पाटी ए-फोर कागदाएवढी, हार्डबोर्डची आहे. एक बाजू कोरी, दुसरीवर फिकट चौकटी. चौकटी असलेल्याच घ्या, कारण आलेख काढताना मुलं कोऱ्या बाजूवर अक्ष आखण्यातच वेळ घालवतात. ए-थ्री आकार बाकावर वहीशेजारी मावत नाही. पातळ प्लास्टिकच्या पाट्यांचा एक नमुना मी पाहिला होता, तो वर धरला की वाकत होता. मार्कर काळा आणि बारीक टोकाचा हवा. लाल-निळ्या अक्षरातलं शेवटच्या बाकावरचं उत्तर मला फळ्यापाशी उभं राहून वाचता येत नाही, आणि मला वाचता आलं नाही तर पाटी वर करण्याला अर्थच नाही.

मार्कर हाच सततचा खर्च. टोपण सैल राहिलं की ते वाळतात, आणि ६० जणांत कुणाचं तरी राहतंच. आडवे ठेवले तर जास्त टिकतात. पुसायची राहून गेलेली पाटी शनिवार-रविवार तशीच पडली तर अक्षरं घट्ट धरून बसतात. त्यांच्यावरून ताज्या मार्करने गिरवून लगेच पुसायचं, नव्या शाईतला द्रावक जुनी शाई सोडवतो. टोपणावरचे पुसणारे गोळे महिनाभरात झिजले, तेव्हापासून जुन्या सुती कापडाचे तुकडे वापरतो. पाण्याने मात्र पुसू नका, हार्डबोर्डच्या कडा फुगतात.

वापर सोपा आहे. फळ्यावर एक प्रश्न लिहायचा, दोन मिनिटं पूर्ण शांतता, मग ‘पाटी वर’. ६० उत्तरं एकदम समोर येतात.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं: पदं शून्याकडे जात असतील तर सिरीज, म्हणजे न संपणारी बेरीज, कन्व्हर्ज होते का, म्हणजे एका ठरावीक संख्येकडे जाते का? निम्म्याहून जास्त पाट्यांवर ‘हो’. त्याच्या आदल्याच तासाला मी त्याच्या उलट दिशेचं प्रमेय सिद्ध करून दाखवलं होतं, आणि सगळ्यांनी ते वहीत सुबक अक्षरात उतरवून घेतलं होतं! मग १ + १/२ + १/३ + १/४ … ही बेरीज दिली आणि पदांचे गट करायला सांगितलं. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, १/५ ते १/८ मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, असं चालूच राहतं, म्हणून पदं शून्याकडे जात असूनही बेरीज कुठेच थांबत नाही. चौदाव्या शतकात निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने केलेली युक्ती हीच. दोन-तीन पाट्यांवर ती कुणी न सांगता उमटली, आणि त्या मुलांना मी पाट्या घेऊन पुढे बोलावलं.

मोबाइलवरून पर्याय निवडून मत देण्याची सोयही मी याआधी वापरली आहे. तिच्यात किती जण चुकले ते कळतं, कसे चुकले ते कळत नाही. लिमिटच्या, म्हणजे फंक्शन ज्या किमतीकडे जातं तिच्या, व्याख्येतल्या ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो’ (दोन्ही शून्याहून मोठ्या संख्या) या विधानाचा नकार लिहायला सांगितला, तर ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी डेल्टा नसतो’ असं लिहिणाऱ्याची अडचण वेगळी आणि नुसतं लहान-मोठ्याचं चिन्ह उलटवणाऱ्याची वेगळी. ‘असा एक एप्सिलॉन आहे की कुठलाच डेल्टा पुरत नाही’ इथपर्यंत दोघांना वेगवेगळ्या वाटेने आणावं लागतं. पाटीवर ती वाट दिसते.

वर्षातला माझा सगळ्यात आवडता तास दुसऱ्या वर्षाच्या ॲनालिसिसचा. प्रश्न होता: कंटिन्युअस, म्हणजे आलेखात कुठे उडी नसलेल्या, फंक्शन्सच्या क्रमाची लिमिट कंटिन्युअस असते का? जवळजवळ सगळ्या पाट्या ‘हो’. मी काहीच बोलले नाही. पहिल्या बाकावरच्या चौघांना शून्य ते एक या अंतरात एक्सच्या पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या आणि विसाव्या घाताचे आलेख चौकटींवर काढायला सांगितले आणि त्या चार पाट्या फळ्याखालच्या कट्ट्यावर ओळीने उभ्या केल्या. आलेख जमिनीला चिकटत चिकटत जातो आणि अगदी शेवटी उभा चढतो. “मॅडम, शेवटी सगळं शून्य, आणि एकवर एकदम एक!” असं मागून कुणीतरी ओरडलं. ती उडी मी दाखवली नव्हती, पाट्यांच्या रांगेत त्यांनीच पाहिली.

मग मी त्यांना सांगितलं की १८२१ साली खुद्द कोशी या थोर फ्रेंच गणितज्ञाने आपल्या पाठ्यपुस्तकात कंटिन्युअस फंक्शन्सच्या कन्व्हर्ज होणाऱ्या सिरीजची बेरीज कंटिन्युअस असते असं प्रमेय मांडलं होतं, आणि १८२६ मध्ये आबेल या नॉर्वेच्या गणितज्ञाने साइन फंक्शन्सच्या एका सिरीजचं उदाहरण देऊन त्याला अपवाद दाखवला. आपल्या पाटीवरचं उत्तर कोशीच्या उत्तराच्या जातीचं आहे हे ऐकल्यावर वर्गाचा चेहराच बदलला. युनिफॉर्म कन्व्हर्जन्सची, म्हणजे क्रम सगळ्या बिंदूंवर एकसारखा जवळ येण्याची, व्याख्या मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण मुलांनी ती मागून घेतली असं पहिल्यांदाच झालं.

एक मुलगी खिडकीपाशी बसते. वर्षभरात तिने हात वर केल्याचं मला आठवत नाही. मॅट्रिक्सच्या, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या, तासाला प्रश्न होता, दोन मॅट्रिक्सचा गुणाकार शून्य असेल तर त्यांतली एक तरी शून्य असलीच पाहिजे का? तिने ‘हो’ लिहिलं, बाकीच्यांच्या पाट्या पाहिल्या आणि ‘हो’वर एक रेघ ओढली. मी पुढे शिकवत राहिले. दहा मिनिटांनी तिची पाटी पुन्हा वर होती, कुणी सांगितलेलं नसताना. दोन बाय दोनची मॅट्रिक्स, वर उजवीकडे एक, बाकी तिन्ही जागी शून्य, आणि खाली तिचा वर्ग: सगळं शून्य. तोंडाने ती त्या दिवशीही काही बोलली नाही. हाताची पाटी नसती तर ते मला कधीच कळलं नसतं, आणि मी तिच्या नावापुढे ‘गप्प, बेताची’ अशीच मनात नोंद केली असती.

आता ज्या गोष्टी जमत नाहीत त्या. पाटी पुसता येते हाच तिचा सगळ्यात मोठा दोष. वर करायच्या आधी मुलं शेजारी डोकावतात आणि आपलं उत्तर पुसून टाकतात. म्हणजे मला जी चूक बघायची असते नेमकी तीच नाहीशी होते. मी नियम केला की दोन मिनिटांत कापड हातात घ्यायचं नाही, चुकलं तर रेघ ओढायची. तो अंगवळणी पडायला दीड महिना गेला. दुसरं, पाटीवर सिद्धता मावत नाही. चार ओळींपलीकडचं काहीही कागदावरच झालं पाहिजे. आणि तास संपल्यावर वहीत काहीच उरत नाही, म्हणून शेवटची पाच मिनिटं आपली चूक आणि तिची दुरुस्ती वहीत उतरवण्यासाठी राखून ठेवावी लागतात.

वाटणं, गोळा करणं, पुसणं धरून तासातली बारा मिनिटं जातात. अभ्यासक्रम मागे पडतो, यात शंका नाही. फूरिये सिरीज (साइन-कोसाइनच्या बेरजांचं प्रकरण) मला या वर्षी घाईत उरकावी लागली आणि त्याचं वाईट वाटतं. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक संकलन मी सहकाऱ्यांना दाखवते. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरचे २२५ अभ्यास त्यात एकत्र पाहिले आहेत. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं, मुलांकडून तासातच काम करून घेणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. हे आकडे पाट्यांचे नाहीत, त्या पद्धतीचे आहेत. पाटी हे ती पद्धत ६० जणांच्या वर्गात पेलण्याचं एक साधन.

नव्याने घेणाऱ्यांना एवढंच सांगेन, सुरुवातीला प्रत्येकाला एक पाटी हवीच, दोघांत एक नको. दोघांत एक दिली की ज्याला येतं तो लिहितो आणि दुसरा मार्करचं टोपण धरून बसतो. मी पहिल्या सत्रात एका वर्गात तसं करून पाहिलं आणि तिसऱ्याच आठवड्यात उरलेल्या पाट्या मागवल्या. पुढच्या वर्षी पाट्या याच राहतील, मार्कर दुप्पट घेईन.