जाँ मोने मॉड्यूल : द्राक्षपट्ट्यातल्या कॉलेजात युरोप शिकवायला मिळणारं अनुदान

युरोपीय संघाविषयी शिकवायला युरोपीय संघ स्वतः पैसे देतो आणि त्यासाठी कॉलेज युरोपात असायची गरज नाही, हे आपल्याकडच्या फार थोड्या प्राध्यापकांना माहीत असतं. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. आमच्याकडे झालेल्या जाँ मोने मॉड्यूलची समन्वयक मी होते. आधीच सांगून टाकते, महानगराबाहेरच्या सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाला बाहेरून मिळू शकणाऱ्या पैशांत यापेक्षा कामाचं अनुदान मी पाहिलेलं नाही. मात्र ते कोणाला झेपेल आणि कोणाला नाही, हे नीट बघून घ्यायला हवं.

जाँ मोने हे कोन्याकच्या व्यापारी घराण्यातले. 9 मे 1950 ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा-पोलाद उद्योग एका सामायिक यंत्रणेखाली आणण्याची घोषणा केली. त्या घोषणेमागचा मसुदा मोने यांचा होता. त्यातून उभ्या राहिलेल्या कोळसा-पोलाद समुदायाच्या उच्च प्राधिकरणाचे 1952 मध्ये पहिले अध्यक्षही तेच झाले. त्यांच्या नावाची ही योजना 1989 मध्ये सुरू झाली आणि आता ती इरास्मस प्लस या युरोपीय संघाच्या शिक्षण कार्यक्रमाचा भाग आहे. इरास्मस म्हटलं की आपल्याला फक्त मुलांची मास्टर्सची शिष्यवृत्ती आठवते, शिक्षकांसाठीचा हा भाग कोणाच्या लक्षातच येत नाही.

उच्च शिक्षणासाठी यात तीन प्रकार आहेत. मॉड्यूल म्हणजे वर्षाला किमान 40 तास, सलग 3 वर्षं शिकवायचा अभ्यासक्रम. कमाल अनुदान 35,000 युरो. चेअर एका प्राध्यापकाच्या नावावर असते. वर्षाला किमान 90 तास, 3 वर्षं, कमाल 60,000 युरो. तिसरं सेंटर ऑफ एक्सलन्स, त्याची मर्यादा 1,00,000 युरो. हे सगळे वरच्या मर्यादेचे आकडे आहेत. मॉड्यूल आणि चेअरची प्रत्यक्ष रक्कम देश आणि तास यांच्यानुसार बदलते, म्हणून भारताचा आकडा त्या वर्षीच्या मार्गदर्शिकेत बघूनच गणित मांडावं.

चेअरचं नाव भारदस्त, त्यामुळे संस्थाचालकांना तीच हवी असते. पण भागाकार करून बघा. मॉड्यूलचे 3 वर्षांचे 120 तास, म्हणजे कमाल रकमेवर तासामागे 290 युरोच्या आसपास. चेअरचे 270 तास, तासामागे 220 च्या आसपास. शिवाय सहायक प्राध्यापकाने आठवड्याचा 16 तासांचा वर्कलोड सांभाळून वर्षाला 90 जादा तास कुठून आणायचे? चेअरधारक कायम नोकरीतला लागतो, तेव्हा सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, काम करणाऱ्या हुशार मुलामुलींसाठी तो रस्ता बंदच आहे. सेंटरचं काम विद्यापीठाच्या ताकदीचं. मणिपालच्या युरोपीय अध्ययन केंद्राला तो दर्जा मिळालेला आहे, पण त्यांच्यामागे तसा विभाग आणि तशी यंत्रणा आहे. आमच्यासारख्या कॉलेजाने सरळ मॉड्यूल मागावं.

या अनुदानाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते शिकवण्याच्या तासांभोवती बांधलेलं आहे. इतर प्रकल्पांत अहवाल लिहून होतो आणि विद्यार्थ्याला त्याचा पत्ताही नसतो. इथे वर्ग भरलाच पाहिजे. समोरासमोरची व्याख्यानं, चर्चासत्रं, ट्युटोरियल्स, यातलं काहीही ऑनलाइन घेतलेलं असलं तरी धरलं जातं. एकेका विद्यार्थ्याला दिलेलं वैयक्तिक मार्गदर्शन मात्र तासांत मोजत नाहीत. आपल्या श्रेयांक पद्धतीत 15 तासांना एक श्रेयांक, म्हणून 3 श्रेयांकांचा 45 तासांचा कोर्स आखला की त्यांची अटही पुरी होते आणि मुलांच्या गुणपत्रिकेतही काहीतरी पडतं.

आम्ही विषय निवडला तो युरोपीय संघाचा अन्नसुरक्षा कायदा आणि नाशिकची द्राक्षं. अर्ज करणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. योजनेला युरोप खंडाचा इतिहास नको असतो, युरोपीय संघ हवा असतो. फ्रेंच राज्यक्रांती, दोन महायुद्धं, शीतयुद्ध हे आपल्या अभ्यासक्रमातले ठरलेले धडे घेऊन गेलात तर गुण मिळणार नाहीत. संघाच्या संस्था, कायदे, धोरणं आणि त्यांचा बाहेरच्या जगावर होणारा परिणाम हा विषयाचा गाभा असायला हवा. कायदा आणि राज्यशास्त्र सोडून शेती, विज्ञान, अभियांत्रिकी अशा शाखांतून युरोपीय संघ शिकवला जावा, असंही योजनेचं धोरण आहे. आपल्याकडच्या कृषी महाविद्यालयांनी याचा फायदा घ्यायलाच हवा.

आमच्या वर्गातली निम्मी मुलं बागायतदारांच्या घरची. एमआरएल, म्हणजे मालात फवारणीच्या औषधाचा अंश जास्तीत जास्त किती चालतो ती मर्यादा, हा शब्द त्यांना माझ्याआधी माहीत होता. एक्सपोर्टचा माल वेगळा, लोकलचा वेगळा, रेसिड्यूचा रिपोर्ट आल्याशिवाय पॅकहाउसमध्ये माल घेत नाहीत, हे सगळं घरात बघत ती मोठी झालेली. पण हा आकडा येतो कुठून, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून आम्ही युरोपीय संघाच्या 2005 च्या नियम क्रमांक 396 पासून सुरुवात केली. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते, हे कळल्यावर वर्ग एकदम शांत झाला होता. मग 2010 चा हंगाम घेतला. क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपच्या बंदरांवर अडकले, तो हंगाम. वर्गातल्या कित्येक घरांनी तो सोसलेला होता. मुलं वडिलांना, चुलत्यांना विचारून आली आणि त्या दिवशी मी शिकवण्यापेक्षा ऐकण्याचं कामच जास्त केलं.

नंतर 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने हापूससकट सगळ्या भारतीय आंब्यांवर घातलेली बंदी घेतली. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूवरही बंदी आली होती. कारण फळमाशी आणि इतर किडी. जानेवारी 2015 मध्ये आंब्यावरची बंदी उठली. ती कोणत्या समितीत ठरली, पाहणीचं पथक कोणाचं, आपल्या बाजूने काय सुधारलं, या क्रमाने शिकवलं की आयोग, परिषद, सदस्य देशांच्या तज्ज्ञ समित्या हे पाठ करायचे शब्द राहत नाहीत. शेवटच्या वर्षी कार्बन सीमा समायोजन, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचा आकार, हेही घेतलं, कारण कोल्हापूरकडच्या फाउंड्रीवाल्यांची मुलं इथे इंजिनिअरिंगला आहेत आणि लोखंड-पोलाद त्या नियमात येतं.

वर्गाबाहेरच्या समाजापर्यंत पोचणं हाही या योजनेचा भाग आहे. त्यासाठी आम्ही बागायतदारांच्या बैठका घेतल्या. एका बैठकीत एका काकांनी उठून विचारलं, "मॅडम, माल आमचा, नियम त्यांचा. मर्यादा ठरवताना आम्हाला कोणी विचारतं का?" इतका नेमका प्रश्न मला कुठल्या चर्चासत्रात ऐकायला मिळालेला नाही. त्याचं उत्तर होकारार्थी आहे, पण ते फारसं कोणाला माहीत नाही. मर्यादा बदलायची असली की युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेला तशी सूचना देतो आणि इतर देशांना हरकती मांडायला मुदत मिळते. पार्मातली युरोपीय अन्नसुरक्षा संस्था शास्त्रीय मत देते. शिवाय, युरोपात न वापरलं जाणारं औषध बाहेरच्या देशात वापरलं जात असेल, तर पुराव्यासकट आयात-सवलतीची मर्यादा मागता येते. पुढचे कितीतरी तास आम्ही याच एका प्रक्रियेवर घालवले. मुलांनी त्यावर मराठीत पुस्तिका केली, तिचा खर्च याच अनुदानातून झाला. शिकवणंही बरंचसं मराठीतून झालं आणि त्याला कुठलीही आडकाठी आली नाही.

आता अर्जाबद्दल. ब्रुसेल्सची ईएसीईए ही कार्यकारी संस्था सगळं पाहते. अर्ज संस्थेच्या नावाने होतो, व्यक्तीच्या नाही. पोर्टलवर संस्थेची नोंदणी करून पीआयसी नावाचा 9 आकडी क्रमांक घ्यावा लागतो. कागदपत्रांची पडताळणी निवड झाल्यावर होते, तेव्हा संस्थेचा अधिकृत प्रतिनिधी नेमायला अध्यक्षांची किंवा प्राचार्यांची सही लागते. मुदत साधारण फेब्रुवारीत, ब्रुसेल्सच्या 17:00 वाजता, म्हणजे आपल्या रात्रीच्या साडेनऊला संपते. तिथपर्यंत ताणू नका. गुण चार निकषांवर: प्रस्तुतता, आखणी, काम करणारा गट आणि परिणाम, प्रत्येकी 25. एकूण 70 च्या खाली गेलात तर विचार होत नाही. अर्ज नाकारला गेला तरी गुणांसह परीक्षकांचा लेखी अभिप्राय मिळतो, आणि ही पद्धत आपल्याकडच्या प्रत्येक अनुदानसंस्थेने उचलावी असं मला मनापासून वाटतं.

अर्जाची भाषा मात्र मला खटकते. वर्क पॅकेज, डिलिव्हरेबल, माइलस्टोन या चौकटीत शिकवणं कोंबताना आपलं म्हणणं हरवून जातं. ज्यांनी असे फॉर्म कधी भरलेलेच नाहीत, त्या कॉलेजांवर हा अन्याय आहे. चांगला विषय आणि चांगला शिक्षक असूनही अर्ज कागदावर कच्चा दिसू शकतो.

पैसे ठोक रकमेच्या पद्धतीने मिळतात. युरोपला प्रत्येक बिल दाखवावं लागत नाही. ठरवलेलं काम झालं का एवढंच पाहिलं जातं, आणि न झालेल्या कामाचे पैसे कापले जातात. आपल्या ऑडिटसाठी मात्र पावती न पावती जपावी लागतेच. आमच्या ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी त्यासाठी वेगळं रजिस्टर घातलं. त्यांच्याशिवाय हे मॉड्यूल उभं राहिलं नसतं, म्हणून मानधनाच्या तरतुदीत कार्यालयीन मदतीचा वाटा आधीच धरा.

संस्था ट्रस्टची असेल तर परकीय योगदान कायद्याचा प्रश्न अर्जाआधी सीएंकडून लेखी सोडवून घ्या. 2020 च्या दुरुस्तीनंतर परकीय योगदान स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावं लागतं, प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे आणि आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. शेजारच्या कॉलेजाला भागीदार करून पैसे वाटून घेऊ, असा विचार असेल तर आधी हे वाचा.

ज्यांना फक्त संशोधन करायचंय, त्यांनी मॉड्यूलच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे. तिला राष्ट्रीयत्वाची अट नाही, पीएचडी मात्र झालेली हवी आणि यजमान देशात आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. फ्लॉरेन्सच्या युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूटची माक्स वेबर फेलोशिप सामाजिक शास्त्रांसाठी उत्तम. युरोपीय संघाचा ऐतिहासिक दस्तऐवज-संग्रहही याच शहरात, व्हिला साल्व्हियातीत आहे आणि 30 वर्षं उलटलेली कागदपत्रं तिथे बघायला मिळतात. विद्यार्थ्यांना इरास्मस मुंडसची महिना 1,400 युरोची शिष्यवृत्ती मिळू शकते. त्यातल्या युरोकल्चर या मास्टर्सच्या जाळ्यात आपलं पुणे विद्यापीठही भागीदार राहिलेलं आहे. आमच्या मॉड्यूलमधून बाहेर पडलेल्या मुलांना मी ही माहिती आवर्जून देते. स्वतंत्र अभ्यासकांना, म्हणजे कुठल्याच संस्थेत नसलेल्यांना, जाँ मोनेत जागा नाही. ही उणीव मला टोचते, कारण युरोपीय संघावर मराठीतून नेटाने लिहिणारे काही जण नोकरीत नाहीत.

सध्याचा इरास्मस प्लस 2021 ते 2027 या काळापुरता आहे. अर्ज करायचा असेल तर दिवाळीच्या सुट्टीआधी प्राचार्यांशी बोला, पीआयसी काढून ठेवा, सीएंचं पत्र फाइलला लावा आणि डिसेंबरात मसुदा अशा माणसाला वाचायला द्या ज्याला तुमच्या विषयातलं काही कळत नाही. आमचा मसुदा मी पिंपळगावच्या एका पॅकहाउस मॅनेजरांना दिला होता. त्यांनी ज्या परिच्छेदांवर पेन्सिलने प्रश्नचिन्हं काढली, ते सगळे मी नव्याने लिहिले.