बचत गटाचं अध्यक्षपद: रेटणारीला द्यावं की सांभाळणारीला?

नवा गट बसला की दोनच नावं पुढे येतात. एक, जी काम रेटून नेते. दुसरी, जिचं कोणाशीच वाकडं नाही. दहा ते वीस बायकांत ही निवड जड जाते, कारण चुकली तर बदलताना रुसवेफुगवे ठरलेले.

1948 साली केनेथ बेन आणि पॉल शीट्स या अमेरिकन अभ्यासकांनी छोट्या गटातल्या भूमिकांची यादी केली: काम पुढे नेणाऱ्या 12, गट सांधून ठेवणाऱ्या 7 आणि स्वतःचंच घोडं दामटणाऱ्या 8. (शेवटच्या आठांतल्या निम्म्या तरी कुठल्याही बैठकीत भेटतात.)

रेटणारी आली की बैठक तासात संपते. "बचत झाली? हप्ते कोणाचे राहिले?" नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब ही पंचसूत्री तिला तोंडपाठ. बँकेच्या कर्जासाठी गटाची पत उभी करायला अशी बाई लागतेच. पण "कोणाची हरकत?" असं विचारून ती उत्तराआधीच ठरावाकडे वळते. कोपऱ्यातली बाई सही करते आणि जे बोलायचं ते घरी जाऊन बोलते.

सांभाळणारीकडे हेच उलटं. समजा, पेटीत पैसे एकीपुरतेच आहेत; एकीला शेळी घ्यायची आहे, दुसरीला मुलीची फी भरायची आहे. ती आधी कोपऱ्याकडे वळते, "काकू, तुम्ही काहीच बोलला नाहीत." मग काकू सांगतात, फीची तारीख सोमवारची आहे, शेळी काय, पुढच्या महिन्यातही मिळेल. वाद तिथेच मिटतो. तिचा तोटा परतफेडीत दिसतो. "जाऊ दे, अडचण आहे तिची," म्हणत दोन-तीन हप्ते सहज थकतात, आणि मग वेळेवर भरणाऱ्याही हात आखडतात.

माझं मत विचाराल तर अध्यक्ष सांभाळणारी, सचिव रेटणारी. बोलायची पाळी कोणाची हे अध्यक्ष ठरवते. विषयांची यादी आणि ठरावाची वही सचिवाकडे असते. रेटणं आणि सांभाळणं ही दोन कामं बहुधा दोन वेगळ्या माणसांकडे जातात, हे हार्वर्डच्या रॉबर्ट बेल्स यांनाही छोटे गट अभ्यासताना दिसलं होतं. मात्र दोघींचं आपसात जमायला हवं. एकाच घरातल्या जावा असतील तर नकोच. थकबाकी आधीच साचली असेल, तर वर्षभर रेटणारीलाच वर बसवा.

आणि वही लिहिता येणारी एकच असेल, तर पहिल्या महिन्यापासून दुसरीला तिच्या शेजारी बसवा.