जनसुनावणी: लेखी हरकत की उभं राहून बोलायचं?

ताई, खर्च दोन्हीला जवळपास नाहीच, फक्त बोलायला गेलं की दिवसाची मजुरी बुडते. २००६ च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याची तपासणी) अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी नोटीस लागते, तेवढ्यात प्रकल्पाच्या अहवालाचा मराठी सारांश वाचून हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या आणि पोच घ्याच. बोलण्याचं व्हिडिओ शूटिंग होतं, शेवटी मुद्दे मराठीत वाचून दाखवतात, ते संपेपर्यंत हलू नका, कारण "उन्हाळ्यात विहीर दोन परस खाली जाते" हे "पाण्याबाबत शंका" असं उतरलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घेता येतं.

सातबारा, नकाशे, आकडे असतील तर लेखीच. विहीर, वहिवाट, मासेमारी सांगायचीय त्यांनी बोलावंच.